उसवलेला पूल

पैठणीचा पदर फाटला की बायका माझ्याकडे रडत येतात. गारा फाटली की पारशी बायका भांडत येतात. "हे असं झालंच कसं?" हा जाब मलाच, जशी काही त्यांच्या पणजीच्या पेटीत कसर मीच सोडली होती. वाईला मधल्या आळीत माझं दुकान आहे. जुन्या, भारी साड्या दुरुस्त करून देते. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी, आणि तिथे पारशांचे थोडे बंगले अजून शिल्लक आहेत, त्यामुळे गारा माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्या. गारा म्हणजे चीनमध्ये भरतकाम करून घेतलेली साडी. गडद रेशीम, त्यावर पांढऱ्या धाग्याचे पक्षी, झाडं, पूल, माणसं. पारशी व्यापारी गलबतं घेऊन कँटनला जायचे आणि घरच्या बायकांसाठी तिथून ही घेऊन यायचे.

मी डावखुरी. शाळेत गुरुजींनी रूळ मारून मारून बोटं सुजवली, घरी आईने डावा हात बांधून ठेवून पाहिला, पण सुई काही उजव्या हातात गेली नाही. म्हणून माझा टाका उलट्या अंगाला कलतो. लोकांना तो फरक कळत नाही, मला लांबून कळतो. त्या टाक्याचा मला फार गर्व होता.

तेहमिना मात्र भांडत आली नाही. पाचगणीच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते. आईबाप लहानपणीच गेले, गुलचेर नावाच्या आत्याने वाढवलं, आणि ही आत्याही दिवाळीत गेली. तेहमिनाचं लग्न ठरलं होतं. आत्याच्या पेटीत निघालेली जांभळी गारा तिने माझ्यापुढे पसरली.

काम पाहून मी पदर उजेडाकडे ओढला. पदरावर एक नदी होती. एका काठावर इराणी टोपी घातलेला माणूस, मागे त्याचं घर. दुसऱ्या काठावर, विलोच्या झाडाखाली, वेणीवाला चिनी माणूस, दोन्ही हात पुढे केलेले. मध्ये पूल होता, पण त्याचा अर्ध्याहून जास्त भाग उसवलेला.

"हे दोघे भाऊ आहेत, ताई," तेहमिना म्हणाली. "इराणचं राज्य बुडालं तेव्हा एक भाऊ समुद्रानं इकडे आला. तो आमचा. दुसरा डोंगर ओलांडून चीनला गेला, तिथल्या बादशहाच्या पदरी राहिला. मग हजार-बाराशे वर्षांनी आमचा एक पूर्वज कँटनला गेला, तेव्हा तिथल्या एका भरतकाम करणाऱ्याने सदरा वर करून कमरेचा पवित्र दोरा दाखवला. आमच्यासारखाच, तीन वेढ्यांचा. चेहरा पूर्ण चिनी. म्हणाला, मी तुमच्या भावाच्या वंशातला, मला घरी न्या."

"मग नेलं का?"

"साडी होईपर्यंत हो म्हणाले. निघायच्या दिवशी साडी घेतली आणि गलबतावर चढायची फळी ओढून घेतली. तो गलबताच्या कठड्याला लोंबकळला. तर आमच्या पूर्वजाने कुऱ्हाड आणली." तिने स्वतःच्या बोटांवरून हाताची कड फिरवली. "बोटं डेकवर पडली आणि माणूस पाण्यात. घरी येऊन साडी उघडली तर पदरावरच्या याची बोटंही गायब होती, असं फुई, म्हणजे माझी आत्या, सांगायची. खून आमच्या माणसाने केला, आणि आम्ही हौसेने लग्नात नेसतो!"

ती हसली. मी भिंग लावून पाहिलं. खरंच, वेणीवाल्याचे हात तळव्यापर्यंतच होते.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. धागा झिजून गेला तरी सुईची भोकं राहतात. भोकं असतील तिथे भरायचं, नसतील तिथे हात लावायचा नाही. बोटांच्या जागी एकही भोक नव्हतं, म्हणून ती मी सोडून दिली. पुलाच्या जागी भोकांची दाटी होती. मी पूल भरला. कामातून डोकं वर न काढता भरला, आणि झाला तेव्हा माझीच मला दृष्ट लागेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजीत दुकानात चहा घेऊन आला. माझा नवरा, फौजेतून निवृत्त झालेला, वडूजकडचा.

"डांबराचा वास कसला मारतोय गं?" तो म्हणाला.

वास मलाही येत होता. डांबर आणि खारं पाणी. मी भरतकामाच्या चौकटीवर ताणलेल्या साडीकडे वळले. वेणीवाल्याचा एक पाय पुलावर होता.

काम हातात घेण्याआधी मी प्रत्येक साडीचे फोटो काढते. फोनमध्ये पाहिलं. फोटोत तो विलोखाली उभा होता, पुलापासून चांगला लांब. फोटो तिरका घेतला असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं काहीबाही मी मनाशी म्हटलं. विश्वजीत कप ठेवून बाहेर गेला होता; तेवढ्यात दाराबाहेरून त्याची शिवी ऐकू आली. आमच्या पायरीवर रोज झोपणारी मांजर रक्तात पडली होती. जिवंत होती. पुढचे दोन्ही पंजे नव्हते.

"कुत्र्याचं काम हाय ह्ये," तो म्हणाला, पण त्याचा आवाज फौजी राहिला नव्हता.

पंजे मला केर काढताना सापडले. चौकटीखाली, शेजारी शेजारी, नीट ठेवलेले. मी ते कागदात गुंडाळून टाकून दिले आणि विश्वजीतला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साडी वेळेवर पोचली नसती, आणि मला ती पोचवायची होती. एवढं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

लग्नाच्या चार दिवस आधी पारशांत कुंडीमध्ये आंब्याचं रोप लावतात, त्याला मांडवसरो म्हणतात. तेहमिना त्या सकाळी गारा नेसणार होती. मला आमंत्रण होतं. साडी घेऊन मी पोचले तेव्हा बंगल्याचा जुना माळी नाथाजी ओट्यावर कुंडी पुसत होता. मी कौतुकाने पदर उलगडून दाखवला.

त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"ताई, पूल जोडलासा?"

"मग काय, तसाच ठेवायचा?"

"आवं, लगीन निघालं की मोठ्या बाय सोता कात्री घिऊन बसायच्या. पुलाची एक वळ उसवायच्या. त्येंच्या आईबी तसंच करायच्या. तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

"कोण सांगणार होतं, नाथाजी? तुम्ही तरी सांगायचं!"

"तुमी जोडचाल ह्ये मला कुठं ठावं?"

मला रागच आला. तेहमिनाने वरून हाक मारली. "ताई, आणा लवकर! फुईचे असे शंभर नियम होते." तिच्या मैत्रिणीने साडी वर नेली. माझी कात्री कमरेलाच होती. त्या क्षणी दोन टाके तोडले असते तर बस होतं. पण माझा पूल मलाच तोडवेना.

पाहुणे जमले. कोणी रांगोळीचे छाप मारत होतं, स्वयंपाकघरात रव्याचा वास सुटला होता. मी चहाचा कप हातात घेतला आणि मागच्या अंगणातून किंकाळी आली.

नाथाजी विहिरीपाशी गुडघ्यांवर होता. उजवा हात छातीशी धरलेला, सदरा लाल, तोंडातून नुसती वाफ. त्याच्या हाताला तळव्यापुढे काही नव्हतं. विहिरीच्या कठड्यावर पाच बोटं ओळीने मांडलेली होती, नखं वर करून. सगळी माणसं धावली, कोणी टॉवेल आणला, कोणी गाडी काढली. जो तो नाथाजीकडे पाहत होता. मी बोटांकडे पाहत होते. मांजरीचे पंजेही असेच ठेवलेले होते. उचलून, लावून बघून, नको म्हणून परत ठेवल्यासारखे.

हवेत डांबराचा वास होता.

मी जिन्याकडे पळाले.

तेहमिना आरशासमोर एकटीच उभी होती. मैत्रीण आरडाओरडा ऐकून खाली धावली होती. पारशी पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे आलेला, पूल बरोबर छातीवर. तिचे हात गळ्याशी होते आणि ओठ निळे पडत होते. तिच्या मानेवरचं रेशीम पिळत चाललं होतं. पिळणारं कोणी दिसत नव्हतं.

वेणीवाला पुलाच्या या टोकाला आला होता.

मी तिला ड्रेसिंग टेबलावर आडवं पाडलं, डावा हात टेकून पदर ताणून धरला आणि उजव्या हाताने कात्री ओढली. उजवा हात माझा नुसता लाकडाचा. तो सुईला चालत नाही, कात्रीला काय चालणार? मी हात बदलला. डाव्याने पहिला टाका तोडला. दुसरा. रेशीम गरम झालं होतं. तेहमिनाच्या घशातून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता.

निम्मा पूल सुटला.

माझ्या मागे ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं.

मी वळले नाही.

लाकडावर घाव बसतो तसा आवाज झाला. एकच. कात्री टेबलावर पडली, तिच्या कड्यांत काही नव्हतं. माझा डावा हात मला दिसत होता आणि तो माझा वाटत नव्हता. मग रक्त आलं, भिंतीपर्यंत, आरशावर, तेहमिनाच्या तोंडावर.

उरलेले टाके मी दातांनी तोडले.

तिने श्वास घेतला.

नाथाजीची दोन बोटं साताऱ्याच्या डॉक्टरांनी जोडली. माझी जोडायला मिळालीच नाहीत. खोली झाडली, गालिचा उचलला, पोलिसांनी खिडकीखालचं गवतही कापून पाहिलं. बंगल्याशेजारी झाडं तोडायला आलेल्या लाकूडतोड्यांपैकी एकाला धरलं आणि सोडलं. तेहमिनाने मुंबईत साधंच लग्न केलं, गळ्याभोवती रुमाल बांधून. साडीचं काय करायचं हे तिला कळेना. "जाळता येत नाही, ताई. अग्नी आम्हाला पवित्र. पाण्यात सोडता येत नाही, मातीत पुरता येत नाही. सगळंच विटाळतं." मी म्हटलं, माझ्याकडे राहू दे. पूल निम्म्याहून जास्त तुटलेलाच होता, वेणीवाला आपल्या काठावर परत गेला होता, आणि माझ्या ट्रंकेचं कुलूप मजबूत होतं.

या आठवड्यात तिचा फोन आला. मुलगी झाली. नाव गुलचेर ठेवणार. मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि का कोण जाणे, जाऊन ट्रंक उघडली.

वेणीवाला पुलाच्या तुटक्या टोकाशी वाकून बसला होता. त्याच्या डाव्या हाताला बोटं होती. त्याच्या बाजूने पूल नखभर पुढे आला होता, आणि नवे टाके उलट्या अंगाला कलत होते.

तेव्हापासून मी रोज सकाळी साडी मांडीवर घेते आणि उजव्या हाताने उसवत बसते. विश्वजीत म्हणतो, हात बसेल हळूहळू. दिवसभरात जेवढं उसवते, त्याहून एक टाका सकाळी जास्त असतो. ती बोटं पहिल्यापासूनच चपळ आहेत.