ओली चिठ्ठी

"माझ्या लेकीची नवी कातडी कुणी मारली, ते शोधा. ज्यानं केलं त्याला सोडू नका," चतुराबाई म्हणाल्या. तीस वर्षं पोलिओ लसीचा गार डबा खांद्याला लावून त्या गावोगाव हिंडल्या होत्या. रडणं त्यांना जमत नव्हतं.

केवळाबाई सोनकांबळे लातूरच्या खासगी गुप्तहेर. त्यांचा मदतनीस व्यंकटी मनानं सोनं, डोक्यानं जरा निवांत.

चतुराबाईंची पार्वती उदगीर स्टेशनाबाहेर भजी तळायची. मागची कढई उलटून तिची पाठ भाजली. डॉक्टर बसवंतांनी तिच्याच कातडीचा छोटा तुकडा हैदराबादच्या प्रयोगशाळेत धाडला. तीन आठवड्यांत त्यातल्या पेशी वाढून पातळ पापुद्रे तयार झाले. सोमवारी दुपारी एकला डबा दवाखान्यात आला. चारला डॉक्टरांनी उघडला, तर पेशी मेलेल्या.

डबा शाबूत होता. वरच्या इंग्रजी चिठ्ठीची शाई मात्र फुटली होती.

"पाणी सांडलं असंल," व्यंकटी म्हणाला.

"कुठलं? नळ दहा दिवस कोरडा, टँकर येतो पाचला."

हैदराबादहून डबा आणणाऱ्या ड्रायव्हर लिंबाजीला उदगीर नवा जिल्हा कधी होणार याचीच काळजी. "गाडीत एसी होता, डबा कोरडा ठाक आणला," तो म्हणाला. "चिठ्ठीवरचं पार्वतीचं नाव सिस्टरला वाचून दाखवलं की."

सिस्टर सिंधु म्हणाली, "हाव, अक्षर चांगलं होतं. डॉक्टर ऑपरेशनात होते. चतुरामावशींनी डबा घेतला, पट्टा खांद्याला लावला अन् लसीच्या फ्रीजजवळ राखण बसल्या. दुसरं कुणी फिरकलं न्हाई."

केवळाबाईंनी फ्रीज उघडून पाहिला आणि सगळ्यांना पार्वतीच्या खाटेपाशी बोलावलं.

"चिठ्ठी एकला कोरडी, चारला ओली. कोरड्या दवाखान्यात पाणी एकाच ठिकाणी होतं, लसीच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या पाकिटांत. पाकिटं घालता-काढताना तेच चिठ्ठीवर गळलं. डबा दिसला की आत बर्फ भरायचा, ही सवय इथं एकाच माणसाला आहे. लसीला बर्फ लागतो, या पेशींना मात्र बर्फाचा गारवा सोसत नाही. चिठ्ठीवर तेच लिहिलं होतं, इंग्रजीत."

व्यंकटी अजून सिस्टरकडेच बघत होता.

चतुराबाईंनी आपले हात पाहिले. "बेचाळीसचं ऊन. मला वाटलं, नासंल. डॉक्टर यायच्या आत पाकिटं नेहमीसारखी परत जागेवर ठिवली. कुणी इचारलंच न्हाई."

डॉक्टर हळूच म्हणाले, "थोड्या पेशी हैदराबादला राखून ठेवल्यात. पण आणखी तीन आठवडे लागतील."

"पारू, म्याच केलं गं," चतुराबाई म्हणाल्या. "अजून तीन आठवडे तुला सोसायला लावलं."

पार्वती पालथी पडून होती. तिनं चाचपडत आईचा हात धरला.

"आता डबा आला की तू माझ्यापाशी बस, आई. डब्यापाशी सिस्टर बसंल."