सिपना धरून जाजो

“येजो वो पोरी! आमच्या डोंगरावर येजो! तुले कुटकीचा भात खाऊ घालतो!”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी उंची कपाशीच्या झाडाएवढी होती. नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या शेतात दिवाळीआधी मेळघाटातले कोरकू मजूर सोयाबीन सोंगायला उतरायचे. त्यांच्यात मैना होती. तिच्या हातातला विळा आणि तिचं तोंड, दोन्ही कधी थांबायची नाहीत. मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, सारखी धावत असायची. ती कंबर सरळ करून हसायची, “पायाले भिंगरी हाय हिच्या!” सोंगणी आटोपली की ते लोक गाठोडी घेऊन ट्रॉलीत चढायचे, आणि आमचं शेत दिसेनासं होईस्तोवर मैना ओरडत राहायची. येजो वो पोरी!

पुढे हार्वेस्टर आलं. मैना यायची थांबली. तिची हाक मात्र माझ्या पायांत राहून गेली.

त्या हाकेला ओ द्यायला मी निघाले होते. कुमाऊँच्या डोंगरात भटक्यांना वाट दाखवायचं काम मला मिळालं होतं. तिकडे जाणारी गाडी खंडव्याला मिळते, आणि खंडव्याचा रस्ता मेळघाटातून जातो. मग मैनाच्या गावावरूनच जायचं! हॉटेल नको, बुकिंग नको. मिळेल ते खायचं, म्हणतील तिथं पाठ टेकायची.

पण एक गोष्ट अडत होती. आमच्याकडे निघणारा माणूस, बाई असो की पुरुष, ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि दारातला माणूस म्हणतो, ‘येजो.’ परत ये, असं. एवढा शब्द ओटीत पडला की पाऊल हलकं होतं. आई, म्हणजे गोदाबाई, तो शब्द ओंजळीनं द्यायची. बाबांनी मला तो कधीच दिला नाही. मी राजस्थानला निघाले तेव्हा नाही, कोकणात निघाले तेव्हा नाही. मी ‘येतो बाबा’ म्हटलं की ते बैलाच्या दाव्याकडे पाहायचे, नळाच्या तोटीकडे पाहायचे, माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहायचे. त्यांचे धाकटे भाऊ, देवमनकाका, तरुणपणी धामणगावला रेल्वेत बसून गेले ते परतलेच नाहीत. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, बिनहाराचा. तेव्हापासून बाबांना प्रवासाचं वावडं, असं आई सांगायची. मला मात्र वाटायचं, त्यांना माझाच राग आहे. आताचं जाणं लांबचं होतं. तो शब्द मिळाल्यावाचून माझा पाय उंबऱ्याबाहेर सुखानं पडणार नव्हता.

निघायच्या सकाळी आई भाकरी बांधता बांधता मुद्दाम मोठ्यानं गुणगुणत होती:

लेक निंगाली दूर देशा, बाप पाहे खाली खाली
येजो म्हनाची एक गोठ, त्याच्या घशात अडकली

बाबा उठले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी खांद्यावर दुपट्टा टाकला आणि पायांत चपला सरकवल्या.

“मीबी येतो. मले कुटकीचं बी पाहाचं हाय.”

“कुटकी? ते डोंगरावरचं बारीक धान्य, आपल्या काळ्या रानात?”

“तुह्या डोक्यावर बसून येऊन राहिलो का मी? हाफ तिकीट हाय माह्यं!”

माझे बाबा, महादेवराव, एकदा उठले की उठले.

*

अमरावती, परतवाडा, मग घाट. एसटी कण्हत कण्हत चढत होती आणि खिडकीतून सागाची पानं आत डोकावत होती. मैना ट्रॉलीतून ज्या गावाचं नाव ओरडायची, त्या मोहापाटीच्या फाट्यावर आम्ही उतरलो. एका टपरीवर आलूबोंडा खाल्ला. बाजाराला निघालेला एक म्हातारा बाकावर चहा फुंकत बसला होता. मोतीराम त्याचं नाव.

“मोहापाटी? आमचंच गाव ते,” तो म्हणाला. “नाका वलांडला का सिपना लागते. सिपना धरून जाजो. सिपना सुटला का वाट चुकली समजा.”

बाबांना भलतं बरं वाटलं. “पाह्य! नदी धरून जाचं. सोपं हाय.”

वनखात्याच्या नाक्यावर नावं सांगून आम्ही पुढे झालो, आणि सिपना नदी खरोखरच पुढ्यात आली. काय तिचं रूप! काळ्या दगडांवरून पाणी असं उतरत होतं, जसं नव्या सुनेनं सासरी पहिल्यांदा मोठ्यानं हसावं. काठावर जांभूळ, अर्जुन, बांबूची बेटं. उजवीकडे सागाचा एक पट्टा चढावर चढत गेला होता, त्याखाली पायवाटही होती. आम्ही ती सोडली आणि नदी धरली.

तासाभरात काठच संपला. एकीकडे कडा, एकीकडे पाणी. घाणेरीच्या काट्यांनी हात ओरबाडले. बाबांची एक चप्पल तुटली, ती त्यांनी दोरीनं पायाला बांधली. मला पुढे जायची घाई सुटली होती. वळण आलं की वाटायचं, यापुढे गाव. त्यापुढे पुन्हा वळणच!

“थांब ना वो जरा! कोन्या गाडीले पकडाचं हाय तुले?” बाबा मागून ओरडले.

“तुम्ही यायला नको होतं!”

ते चालत राहिले. मीही. आणि तेवढ्यात समोर खरखर ऐकू आली.

वारूळ होतं. वारुळावर अस्वल!

पाठमोरं, काळंकुट्ट, पंज्यांनी माती उपसत होतं. त्याच्या मागे एक पिल्लू. पिल्लानं आम्हाला आधी पाहिलं. मग आईनं मान वळवली. छातीवरचा पांढुरका पट्टा दिसला, म्हणजे ती दोन पायांवर उभी राहिली होती!

“पळू नको,” बाबा ओठ न हलवता म्हणाले. “पाठ दाखवू नको.”

एक पाऊल मागे. आणखी एक. ती फुरफुरली. मागे काट्यांची भिंत, बाजूला नदी. उरली नदीच! आम्ही तसेच उलट्या पावलांनी पाण्यात शिरलो आणि दगडांवरून पलीकडे निघालो. मी पुढे होते. पिंढरीएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं, मग एक उडी, आणि मी पलीकडच्या जांभळाचं मूळ धरलं. वळून पाहिलं. बाबा मध्यावर एका चपट्या दगडावर उभे होते. अस्वल दिसत नव्हतं. पण ते अस्वलाकडे पाहतच नव्हते. ते पाण्याकडे पाहत होते.

“पोरी, पानी गढूळ झालं!”

वरच्या डोंगरात कुठंतरी पाऊस झाला होता. आमच्या डोक्यावर ऊन आणि नदीत लाल पाणी! पालापाचोळा आला, फेस आला, मग एक अख्खी फांदी आली. बाबांच्या दगडाची कड बुडाली. मग घोटे.

मी पाठीवरची सॅक उघडली. दोर! एक टोक जांभळाच्या मुळाला. दुसऱ्या टोकाला वजन हवं. हाती आला आईचा भाकरीचा डबा. तोच कडीला बांधला आणि फेकला. चुकला! ओढला, पुन्हा फेकला. पुन्हा चुकला!

“तू जा!” बाबा ओरडले. “वर चढ! निंग अथून! जा तू!”

साऱ्या जन्मात मी निघताना त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता, आणि ऐकला तो हा. जा!

“नाही जात!” मी किंचाळले. “डबा झेला!”

तिसऱ्या फेकीला डबा त्यांच्या छातीवर आदळला. त्यांनी दोर कमरेला घेतला, बैलाला बांधतात ती गाठ मारली. आणि दगड पायाखालून गेला!

नदीनं त्यांना उचललं. दोर ताठ झाला. जांभूळ करकरलं. मी मुळात पाय रोवले आणि ओढत राहिले. हाताची साल निघाली. पांढरं डोकं पाण्याखाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं. “बाबा!” मी ओढत होते. ओढत होते. मग एक हात वर आला, दोरावर बसला, आणि शेतकऱ्याच्या त्या हातानं स्वतःलाच मोटेसारखं वर खेचून घेतलं.

आम्ही चिखलात पडून धापा टाकत होतो. डब्याचं झाकण उघडलं होतं.

“भाकरी गेली,” बाबा खोकत म्हणाले. “तुही माय जीव घेईन माह्या.”

*

पण सुटका कुठली? आम्ही चुकीच्या काठावर होतो. वाट नाही, गाव नाही, पोटात काही नाही. ऊन सागाच्या शेंड्यांकडे सरकलं होतं. फोनला रेंज नव्हती. बाबा थंडीनं कुडकुडत होते आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं. वर जावं? खाली जावं? चार पावलं इकडे, चार तिकडे.

“बस वो जरा,” बाबा म्हणाले. “अन् आयक.”

मी बसले. पाण्याचा घोगरा आवाज होता. त्याच्यापलीकडे पोपटांचा गलका. आणि त्या गलक्यावर, डोंगराच्या उतारावरून, एक लांबलचक आरोळी: “होऽऽ हाऽऽ! हुर्र्ऽऽ!”

कुणीतरी शेतातली पाखरं हाकलत होतं. शेत म्हणजे माणूस! पण माझ्या अंगावर काटा आला तो त्यामुळे नाही. तो चढा सूर, शेवटी उचललेला, ट्रॉलीतून मागे मागे येत राहायचा तसा. आवाजाला सुरकुत्या पडल्या होत्या. तरी तो तोच होता.

मी उठले, तोंडाशी हात धरले आणि छाती फोडून ओरडले:

“आलो वो, मैना! नांदगावची पोरगी आलो!”

पाखरं उडाली. आरोळी थांबली. मग डोंगर हसला.

“भिंगरी? तू व्हय वो?”

*

अंधार पडायच्या आत पाणी ओसरलं आणि मैनानं आम्हाला उथळावरून गावाच्या काठाला नेलं. मोहापाटीत घरं दोन ओळींत समोरासमोर बसली होती, सोयरिकीला बसल्यासारखी. मैनानं चुलीत लाकडं सारली. केस पांढरे झाले होते, हात तसेच चपळ. कुणी बाबांना घोंगडी आणून दिली, कुणी मला कोरडं लुगडं. बाजारातून परतलेला मोतीराम दारातच कपाळावर हात मारून उभा राहिला.

“बाप्पा, कोठी गेलते तुमी? म्या सांगतलं होतं ना, सिपना धरा!”

“नदीच धरली होती ना गा!” बाबा चिडले. “नदीनंच आमाले धरलं!”

 मग मैना अशी हसली की तिला चुलीपासून सरकावं लागलं. “अवो, सिपना म्हंजे साग! आमच्या बोलीत सागाले सिपना म्हन्तेत. नदीचं नाव त्याच्यावरून पडलं. सागाखालची वाट धरा म्हने तो!”

बाबा मोतीरामकडे पाहत राहिले. “‘सुटला’ म्हटलं होतं यानं. ‘सुटली’ नाई. मले तवाच आयकू आलं होतं. मले वाटलं, कोरकू मानूस, बोलून राहिला कसाबी.”

“अन् मले वाटलं,” मोतीराम म्हणाला, “नांदगावचे लोक, चालून राहिले कसेबी!”

मग बाबाही हसले. पळसाच्या पानावर कुटकीचा भात आला, मोकळा, वाफेचा, पावसात भिजलेल्या गवतासारखा गोडसर वासाचा. सोबत बरबटीचं, म्हणजे चवळीचं, वरण आणि खेकड्याचा रस्सा. आमच्या घरात खेकडा कधी शिजला नव्हता. बाबांनी पानाकडे पाहिलं, मैनाकडे पाहिलं, आणि एक नांगी उचलून तोंडात घातली.

“कसं फोडाचं हे?”

“दातानं. नदीनं तुमाले फोडलं तसं.”

तिसऱ्यांदा भात वाढताना मैना थांबली. पळी तशीच हातात.

“एक पुसू का, पाटीलबुवा? आमी सोंगनी करून निंगालो का तुमी तोंड फिरवत होते. ‘येजो’ म्हनत नव्हते. बाकीच्या वावरात म्हनत. आमाले वाटे, आमी डोंगराचे, म्हून नाई म्हनत.”

चुलीत एक ढलपी फुटली. मी घास हातात धरून बसले. माझाच प्रश्न कुणीतरी मोठ्यानं विचारला होता. बाबा पानाकडे पाहत होते.

“भात आन,” ते एवढंच म्हणाले.

*

सकाळी मैनानं बाबांच्या दुपट्ट्याच्या टोकात कुटकीचं मूठभर बी बांधलं. सगळे फाट्यापर्यंत आले, सिपना धरून, सागाखालून. ती वाट सरळ होती, अगदी अंगणासारखी. धारणीकडे जाणारी काळीपिवळी जीप माझ्यासाठी थांबली. बाबांची परतवाड्याची एसटी नंतर येणार होती.

मी सॅक टपावर टाकली. वाकून पाया पडले.

“येतो बाबा.”

ते जीपच्या चाकाकडे पाहू लागले. टायरवरचा चिखल पाहू लागले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी पायरीवर पाय ठेवला. ओटी रिकामीच, असं मनात म्हटलं.

“देवमनले म्याच म्हटलं होतं,” बाबा म्हणाले.

मी थांबले. मैनाही.

“धामनगावच्या फलाटावर. गाडी हालली, अन् म्या म्हटलं, येजो. तो आला नाई. मले वाटलं, माह्या तोंडात इख हाय. मी ज्याले येजो म्हनीन, तो येत नाई. म्हून तुले कधी देला नाई तो शबुद.” त्यांनी मैनाकडे पाहिलं. “तुलेबी नाई वो बाई. तू दरसाल याव, म्हून नाई.”

ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढून बसला होता.

“मग आता?” मी पायरीवरूनच विचारलं.

“काल नदीत तुले जा म्हटलं. गेली का तू?” त्यांनी दुपट्ट्यानं डोळे नाही, नाक पुसलं. “तू कोनाचं आयकतच नाई. मंग माह्या शबदाले भ्याचं कायले?”

त्यांनी जीपचं दार स्वतःच्या हातानं लावलं. चाक हललं. आणि त्या फाट्यावर, साऱ्या सागाला ऐकू जाईल अशा आवाजात, माझा बाप ओरडला:

“येजो वो पोरी! येजो!”