मेणाचं बूच

फौजदार वैजनाथ सोनाळ्यात पोचले, तोवर गावानं निकालही लावून टाकला होता. शेषरावाची बायको वासंती गोठ्यात विष पोटात जाऊन मेली होती आणि सालदार निवृत्तीला लोकांनी खांबाला बांधून बेदम चोपलं होतं. कपाशीवर फवारलेल्या एन्ड्रिनचे रिकामे डबे पुरायचं काम त्याचं. त्यातलाच एक वासंतीच्या उशाशी पाण्यासकट सापडला होता. ह्याला फासावर चढवा, असं जो तो म्हणत होता.

"साहेब, म्या पहारीनं भोक पाडून पुरला होता जी!" निवृत्ती रडत म्हणाला.

वैजनाथांनी डब्याला हात घातला, तशी सासू गोजरबाई पुढं आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"शिवू नका! बाहेरचीचा डबा हाये."

वासंती बाहेर बसलेली होती. त्या दिवसांत तिला घरात पाऊल टाकायची बंदी आणि पाण्याचं भांडंही वेगळं.

"डबा तिला कुणी दिला?"

"उकिरड्यावरून आनला असंन तिनंच. हा मेला पुरते कुठं? फेकते."

"पाणी कोण द्यायचं?"

"मीच. वरून ओतो."

"वास नाही आला?"

"तिले आला. नखरे! म्या म्हनलं, पे गुमान."

वैजनाथांना म्हातारीची किळस आली. त्यांनी डबा उपडा केला. बुडाचं भोक मेणानं बुजवलेलं होतं. नखानं खरवडल्यावर मेणात लाल कण दिसले.

"निवृत्ती खरं बोलतो. भोक पाडलेला डबा कुणीतरी उकरून काढला आणि कुंकू चिकटावं म्हणून बायका कपाळाला आधी लावतात, त्या मेणानं बुजवला. सालदाराकडे ते मेण कुठलं? वासंतीचा करंडा घरात, तिथं तिला बंदी. घरात दुसरी सवाष्ण एकच आहे. ह्या डब्याला वासंतीशिवाय कुणी तोंड लावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काऊन मारलं, गोजरबाई?"

गोजरबाईनं पदर सावरला.

"दर महिन्याले बाहेर बसे. मंग मले नातू कोन देईन?"

निवृत्तीचे दोर सोडले. त्याचा हात मोडला होता. माफी कुणीच मागितली नाही.

शिपाई गोजरबाईला नेऊ लागले. ती दारातून वळली.

"शेषराव, देऊळगावची पोरगी पाहून ये. त्याईले जबान देल्ली हाये."

गोठ्यातून वासंतीचं प्रेत अजून उचललेलं नव्हतं. शेषरावानं डोळे पुसले.

"माय, सकायच्या यष्टीनं जाऊ का?"