एक रेघ जास्त

बस तिला शेवटच्या थांब्यावर उतरवून मागे फिरली, आणि मगच तिच्या लक्षात आलं की रस्ता अजून संपलेला नाही. तो पुढे डोंगरात जात होता. फक्त बस जात नव्हती. दुपारचे दोनच वाजले होते, पण धुकं असं खाली उतरलं होतं, की समोरच्या गोदामाची भिंत कुणीतरी अर्धवट पुसून टाकल्यासारखी दिसत होती.

थांब्यावर टपालाची एक जुनी जीप उभी होती. तिच्या बॉनेटखाली डोकं घालून एक तरुण काहीतरी खुडबुड करत होता. हाक ऐकून तो बाहेर आला, आणि सरळ होत होत बराच वेळ सरळ होतच राहिला. इतका उंच माणूस तिने त्याआधी पाहिला नव्हता.

तिने सांगितलं, वर पर्जन्यमापन केंद्रावर जायचंय.

त्याचा हात पुसता पुसता थांबला. "तिथे कुणी जात नाही."

"मी जाते. कार्यालयाकडून आलेय."

"पुढची सीट पार्सलाची आहे..." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पार्सल उचललं आणि मागे टपालाच्या पिशव्यांवर टाकलं. "बसा. पार्सल तक्रार करणार नाही. तुम्ही कराल असं दिसतंय."

ती हसली नाही. हसायचं नाही असं ठरवूनच ती निघाली होती. तिच्या पिशवीत एक पितळी कुलूप होतं, आणि ते कशासाठी आहे हे आठवलं की ती पिशवीचं तोंड पुन्हा आवळायची.

गोष्ट अशी होती. त्या काळी डोंगरातल्या केंद्रांवरून पावसाचे आकडे पोस्टकार्डावर यायचे. काम साधंच. रोज सकाळी साडेआठला मापकाचं झाकण उघडायचं, साचलेलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, पाणी कोणत्या रेघेपर्यंत आलंय ते वाचायचं आणि लिहायचं. पाऊस नसला तर शून्य. मोजता येणार नाही इतका असला तर 'थेंब'. आणि त्या दिवशी कुणी बघितलंच नसेल, तर फुली. आठवड्याचं एक कार्ड, आणि शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना.

तिचं काम आकडे तपासायचं. शंका आली की लाल पेन्सिलीने चिठ्ठी लिहून उलट टपाली पाठवायची. ती इतक्या चिठ्ठ्या पाठवायची, की कार्यालयात तिचं नावच 'लालपेन्सिल' पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी, नवी असताना, तिने या वरच्या केंद्राला पहिली चिठ्ठी धाडली होती: 'नऊ तारखेस आपल्याकडे शून्य, शेजारच्या केंद्रावर चौदा. खुलासा करावा.' पुढच्या कार्डावर शेऱ्याच्या रकान्यात उत्तर आलं: 'ढग शेजारी गेला होता. आम्ही आधी बोलावलं नाही म्हणून रुसला असेल.'

टेबलावर डोकं ठेवून ती हसली होती. मग शेरे येतच राहिले. हळूहळू तिच्या चिठ्ठीतलं 'खुलासा करावा' जाऊन 'कसं काय?' आलं. केंद्रावरचे गृहस्थ सत्तरीचे आहेत हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. सोमवारी कार्ड यायचं. रविवारी तिला उगीचच लवकर झोप लागायची.

आणि गेल्या महिन्यात कार्यालयाने त्या गृहस्थांना, एकतीस वर्षांत एकही फुली नाही म्हणून, गौरवपत्र पाठवलं. ते परत आलं. पाकिटावर वरच्या गावच्या पंचायतीचा शिक्का आणि एक ओळ: 'सदर इसम दोन वर्षांपूर्वी मयत.'

कार्ड मात्र त्याही सोमवारी आलं.

तिने जुनी कार्डं काढून शेजारी शेजारी मांडली. अक्षर तेच, वेलांटीचा फरक नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या होत्या. मरणाच्या तारखेपासून पुढे या केंद्राचा आकडा, आजूबाजूच्या केंद्रांच्या मानाने, बरोब्बर एक रेघ जास्त येत होता. आणि त्या तारखेआधी एकतीस वर्षं शेऱ्याचा रकाना कोराच होता. मेल्यावर माणूस बोलका झाला होता.

ही दुसरी गोष्ट तिने साहेबांना सांगितली नाही. साहेब म्हणाले, मयत माणसाच्या नावावरचे आकडे खोटेच समजायचे; दोन वर्षांवर लाल रेघ ओढा, केंद्राला कुलूप लावा आणि या.

जीप चढाला लागली. प्रत्येक वळणावर तो हॉर्न वाजवायचा, जरा थांबायचा, आणि दरीतून तो हॉर्न परत यायचा. धुक्यात शिरून काहीतरी विचारून आल्यासारखा. एका वळणावर मात्र तो हॉर्न न वाजवता तसाच पुढे गेला. तिने कारण विचारलं.

"इथे परत येत नाही."

"काय?"

"आवाज. सगळीकडून येतो, इथून नाही. वाजवला की वाईट वाटतं, म्हणून वाजवत नाही."

तिने काच वर केली. मधे दोन वाड्या लागल्या. चुलींचा धूर होता, माणसं नव्हती. दोरीवर वाळत घातलेला एक सदरा हात पसरून ताठ उभा होता. रस्त्याच्या मधोमध बसलेला कुत्रा जीपकडे नाही, जीपच्या मागे बघत होता. तिनेही मागे वळून बघितलं आणि मग स्वतःवरच चिडली.

चहाला थांबले तिथे एक म्हातारी होती. त्याला ती 'शिडी' म्हणून हाक मारत होती, त्यावरून कळलं की या डोंगरात त्याला दुसरं नाव नाही. पाहुणी कुठे निघाली हे ऐकून म्हातारीने कप तिच्या हातात दिला आणि सहज, दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"मोजणारे बाबा? ते गेले की, बाई. पण मोजतात अजून. धुकं असलं की मी बघते ना त्यांना. कंदील घेऊन जातात वर, डोक्यावर तो त्यांचा टोपीचा कोट."

तिने शिडीकडे बघितलं. तो चहाच्या कपात असा बघत होता, जसं काही त्यात रस्ता लिहिलेला आहे.

पुन्हा निघाल्यावर तीच बोलत सुटली. भीती वाटली की तिला बोलायला लागायचं. शेरे सोडून तिने सगळं सांगून टाकलं: गौरवपत्र, कुलूप, ती एक रेघ. रेघेचं ऐकून त्याने गिअर असा टाकला की गाडी कण्हली.

"एका रेघेसाठी एवढ्या लांब आलात?"

"एक रेघ जास्त म्हणजे पडलाच नाही तो पाऊस. दोन वर्षं कुणीतरी न पडलेला पाऊस लिहितंय."

"आणि कोण लिहितंय म्हणता?"

ती खिडकीकडे वळली. "ते कळलं असतं तर... एवढी भीती वाटली नसती."

तो काहीतरी बोलणार होता. पण पुढे वळण होतं, त्याने हॉर्न वाजवला, आणि दरीने उत्तर देईपर्यंत त्याचं बोलायचं राहून गेलं.

वरच्या गावात टपालघर सांभाळणारी त्याची आत्या होती. तिच्याकडेच मागच्या खोलीत पाहुणीची सोय झाली. आत्याने तिला उकडलेले बटाटे आणि अंडी वाढली, दोन रजया दिल्या, आणि तिचं वय, आईवडील, लग्न झालंय का नाही हे सगळं जेवण संपायच्या आत काढून घेतलं. केंद्राचा विषय काढला की मात्र आत्याला भांडी आठवायची.

सकाळी सव्वाआठला ती खिडकीशी उभी होती. मागच्या अंगणापलीकडे, वीस-पंचवीस पावलांवर, उंचवट्यावर मापक होतं. धुक्यात त्याचं नुसतं खोड दिसत होतं. शेजारी दगडी कठडा, त्यावर नळीची लाकडी पेटी.

सव्वाआठच्या पुढे पाच-सात मिनिटं गेली असतील. खालून एक कंदील आला.

कंदिलामागे टोपीचा कोट. बुटकं, खांद्यात वाकलेलं माणूस. ते सावकाश मापकाशी थांबलं. पेटी उघडल्याचा आवाज आला नाही, झाकणाचाही नाही. मग ते गुडघ्यांत वाकलं, पार खाली वाकलं; नळी कठड्यावर ठेवून डोळा पाण्याच्या बरोबरीला आणून बघावं, तसं. तिच्या अंगावर काटा आला, आणि तशातही तिच्या मनातली कारकून म्हणाली: बरोबर वाचतोय. असंच वाचायचं असतं. याची रेघ जास्त येणारच नाही.

ती शाल ओढून धावली. उंचवट्यावर पोचली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. गवत ओलं होतं, एवढंच.

मागून पावलं वाजली. कंदील नाही, कोट नाही. जुना स्वेटर, हातात वही, आणि धुक्यात वर वर जाणारी ती उंची. शिडी. तिला तिथे बघून तो थबकला. मग खाली मान घालून पुढे आला, कारण साडेआठ वाजत होते.

त्याने पेटी उघडली, नळी काढली आणि क्षणभर त्या नळीकडेच बघत राहिला. नळी आतून ओली होती. "काल पुसून ठेवली होती," तो स्वतःशीच म्हणाला. मग मापकातलं पाणी ओतलं, नळी कठड्यावर ठेवली, आणि उभ्या उभ्या, आपल्या त्या उंचीवरून, खाली बघून रेघ वाचली.

"सात."

महिनाभर आकड्यांत शोधत होती ते तिला त्या एका शब्दात सापडलं. भूत नाही, लबाडी नाही. ताडमाड उंच माणूस आणि बुटका कठडा.

"वाका," ती म्हणाली.

"काय?"

"वाका. वरून वाचलं की रेघ चढते. डोळा पाण्याच्या बरोबरीला आला पाहिजे."

तो वाकला. नळीच्या पलीकडे तीही वाकली. मधे पाव वीत काच, आणि काचेच्या त्या बाजूला पाण्यातून मोठा झालेला त्याचा डोळा.

"...सहा," तो हळूच म्हणाला.

दोघंही उठली नाहीत.

मग त्याने सगळं सांगितलं, आणि वाकूनच सांगितलं. उभं राहून त्याला ते जमलं नसतं. केंद्रावरचे गृहस्थ त्याचे वडील. अक्षर त्यांनीच गिरवून घेतलेलं, म्हणून तेच. ते पहाटे गेले, आणि साडेआठ वाजले. घरात माणसं जमलेली. तो एकटाच उठून वर आला, कारण नाही आला असता तर फुली पडली असती, आणि एकतीस वर्षांत ती पडली नव्हती. आधी कळवलं नाही ते केंद्र बंद होऊ नये म्हणून.

"आणि नंतर?"

"नंतर तुमची चिठ्ठी आली. खुलासा करावा." त्याचा श्वास काचेवर उमटला. "मग केंद्राचं कारण राहिलं नाही. खरं कळवलं असतं, तर चिठ्ठ्या थांबल्या असत्या. बाबा शेरे लिहीत नव्हते. ते... सगळे मीच. तुम्हाला. काल गाडीत ओळखलं मी. 'न पडलेला पाऊस' असं दुसरं कोण बोलणार? सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात वळण आलं."

दोन वर्षं ती कुणावर हसत होती, कुणासाठी सोमवारची वाट बघत होती, हे कळलं होतं, आणि तो माणूस जिवंत होता. वीतभर अंतरावर, थंडीने नाक लाल झालेला. खोटं त्याने केलं होतं, त्यात वाद नव्हता. पण प्रत्येक सकाळी तो इथे आला होता, त्यातही वाद नव्हता.

तिने वही मागितली, पेन्सिल काढली आणि कठड्यावर टेकून लिहिलं. त्याला वाटलं, दोन वर्षांवर लाल रेघ ओढली गेली. तिने वही त्याच्याकडे फिरवली.

'मूळ नोंदकर्ते मयत. पुढील नोंदी त्यांच्या मुलाने रोज घेतल्या आहेत, त्याच्याच नावे लावाव्यात. शून्य सोडून प्रत्येक नोंदीतून एक रेघ वजा करावी. वाचणारा उंच आहे.'

"साहेब मानतील?"

"नाही मानले तर खुलासा करायला लावीन." मग ती पहिल्यांदा हसली. "आणि शेऱ्यांतून काही वजा करायचं नाही."

तिने पिशवीतून कुलूप काढलं. नळीच्या पेटीला लावावं, असं त्याने सुचवलं. कुणीतरी हात लावतंय हे त्याने ओल्या नळीवरून ओळखलंच होतं. तेव्हा तिने त्याला कंदिलाचं सांगितलं. टोपीच्या कोटाचं, आणि ते माणूस किती खाली वाकलं होतं त्याचंही. तो कठड्यावर बसला. तो कोट, तो म्हणाला, वडिलांच्या अंगावरच गेला होता. आणि त्यांची नजर अधू, म्हणून दिवसाही ते कंदील नेत.

"रागावले असतील," तो म्हणाला. "मी वाकत नाही म्हणून."

तिने कुलूप पुन्हा पिशवीत टाकलं. "पेटी उघडीच राहू दे. त्यांना लागते."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "राहशील?"

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. तिने लगेच हो म्हटलं नाही. लाल पेन्सिलच ती. त्या दिवशी ती जीपने खाली गेली, आणि पुढच्या सोमवारी कार्ड आलं. त्यावर शुक्रवारी, म्हणजे ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाऊस: थेंब. शेरा: 'मोजता येत नाही.' तिने उलट टपाली विचारलं, 'कसं काय?' आणि उत्तर ऐकायला स्वतःच गेली.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या केंद्राच्या वहीत अजूनही एकही फुली नाही, आणि रेघही जास्त येत नाही, कारण रोज साडेआठला कठड्यापाशी एक बाई म्हणते, "वाक." आता त्याचे गुडघे दुखतात, तरी तो वाकतो.

धुक्याच्या दिवशी मात्र ती त्याला वेळेआधी दाराबाहेर पडू देत नाही. मागच्या खिडकीशी उभी राहते आणि म्हणते, "थांब जरा. त्यांचं होऊ दे."