गाठीची चादर

"नाही राहायचं मला तुमच्या घरात! उबग आला तुमची उष्टीखरकटी काढून... येते मी, भाऊजी!"

भाऊजी!... तो शब्द तिच्याच काळजात सुरीसारखा फिरला. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर पाच वर्षांचा, आईविना पोरका. पुढे तिचा नवराही गेला, पण तिनं याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. 'राजा'खेरीज कधी हाक मारली नाही. आज मात्र मन दगडाचं करणं भाग होतं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात साथीच्या रुग्णांच्या चादरी धूत होती आणि समोर धाकट्या जावेला सातवा महिना लागलेला! खरं कारण सांगितलं असतं, तर त्यानं दारात आडवं पडून तिला अडवलं असतं... दुखावलेला माणूस अडवत नाही.

त्यानं अडवलंही नाही. "जा," एवढंच म्हणाला.

"इतकी वर्षं नुसतं वरवरचं गोड बोलणं होतं म्हणायचं!" जाऊ पुटपुटली.

धुलाईघरामागच्या खोलीत एक खाट आणि एक खिडकी. सकाळी हात जोडताना देवाशी जे काही बोलणं होई, तेवढंच! एकदा ताटावर बसल्यावर "राजा, जेवलास का रे?" असं तोंडून निघून गेलं, आणि मग घास उतरेना.

पण वॉर्डातली माणसं तिच्याहून एकाकी होती. ना आई उशाशी, ना लेक पायथ्याशी, नातलगांना मज्जावच! तिला राजाचं लहानपण आठवलं. झोपेत दचकायचा, तेव्हा ती त्याच्या चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारून सांगायची, "ही चाचपून बघ. गाठ आहे तोवर मी आहे."

तिनं वर वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येक चादरीला गाठ मारायला सुरुवात केली.

"अहो बाई, चादरी आहेत का गाठोडी?" मुकादम कावला. "घडी बसेना एकाही चादरीची!"

"घडी न का बसेना, दादा. कुणाचा तरी डोळा लागेल."

आठच दिवसांत तोच ओरडत आला, "बाई, चार चादरी बिनगाठीच्या कशा गेल्या? वरून पेशंटांची तक्रार आलीय!" कितीतरी दिवसांनी ती हसली.

आणि एका सकाळी दारापासून लांब उभी राहून सिस्टर म्हणाली, "मावशी, सात नंबरचा पेशंट चादरीचा कोपरा मुठीतून सोडेना. तापात एकच घोकतोय... माझी वहिनी इथे आहे."

तिच्या हातातली बादली निसटली. ज्या घराला आच लागू नये म्हणून ती जिवंतपणी परकी झाली, त्याच घरात साथ शिरली होती!

"आणि त्याची बायको?"

"ती माहेरी आहे, सुखरूप. पेशंटला काही निरोप देऊ?"

किती बोलायचं होतं... तिनं धुतलेली चादर उचलली, गाठ घट्ट आवळली आणि पुढे केली.

रोज सात नंबरची चादर खाली येई. चुरगळलेली, पण गाठ शाबूत. ती तिथेच हात जोडी. पाचव्या दिवशी चादर आलीच नाही. सहाव्या दिवशीही नाही... "देवा, माझं उरलेलं आयुष्य त्याला घाल रे!"

सातव्या दिवशी ढिगात ती सापडली. तिच्या गाठीला खेटून दुसरी गाठ होती! वेडीवाकडी, अशक्त हातांनी मारलेली...

त्या गाठी तिनं सोडल्या नाहीत. तशाच धुतल्या.

पंधरवड्यानं खिडकीखालून हाक आली. तो काठीला टेकून उभा होता.

"भाऊजी म्हणालीस ना मला? भाऊजी!"

"चुकले रे, राजा!" ती खिडकीच्या गजांना धरून रडू लागली.

"चुकलो मी. एवढंही ओळखता येऊ नये मला?... घरी चल, वहिनी."

"वर अजून तीसजण आहेत रे. त्यांना गाठी कोण मारील?"

मग त्यानं पिशवीतून एक इवलंसं दुपटं काढून उंच धरलं. कडेला सुई तशीच लोंबत होती.

"हिनं माहेराहून शिवून पाठवलंय, बाळासाठी. शेवटची गाठ वहिनींनीच मारायची म्हणते... तोवर दोरा तोडणार नाही."