रुसैल ते मत्रह, चार माणसं

शुक्रवार, दुपारचे तीन चाळीस. ओमानमधल्या रुसैलच्या चौकातून एक टॅक्सी तीन माणसं घेऊन निघाली.

ऐकायला साधी गोष्ट. पण तिथे बसगाड्या कमी, आणि वाटून घ्यायची टॅक्सी चार माणसं भरल्याशिवाय जागची हलत नाही. पुढचं सारं त्या टॅक्सीत बसलेल्या भानुदासने सांगितलं तसंच आहे. पदरचं काही नाही.

पुढे तौहीद नावाचा वेल्डर. मागे उजव्या दाराशी भानुदास, डाव्या दाराशी एक झोपलेला कामगार.

मधली जागा रिकामी.

ओमानी ड्रायव्हर सिराजने आरशात पाहिलं. "यल्ला, चलो. चार हो गया."

"तीन है, अर्बाब," भानुदास अदबीने म्हणाला.

"बीचवाले को नहीं गिना? तुम्हारे साथ ही तो चढ़ा."

तौहीदने मागे वळून पाहिलं... आणि झटकन पुढे तोंड फिरवलं.

गेल्या शुक्रवारी याच चौकात टॅक्सीत एकच जागा उरली होती. भानुदास आणि त्याच्या खोलीत राहणारा अनुप, दोघंही उभे.

"तू बस रे, मी मागच्याने येतो," अनुप म्हणाला.

भानुदास बसला. मागची टॅक्सी गाठायला रस्ता ओलांडताना अनुपला ट्रकने उडवलं.

आज रात्रीच्या विमानाने त्याचं पार्थिव गावी निघणार होतं. भानुदास हार आणायला मत्रहच्या बाजारात चालला होता.

फोन वाजला. अनुपची बायको, सरिता.

"भावोजी, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?"

ती रोज हेच विचारायची. तोही रोज तेच सांगायचा.

"मी होतो वहिनी. हात धरून बसलो होतो."

आणि... डाव्या खांद्यावर भार आला.

दमलेला माणूस डुलकी लागली की कलतो, तसा. अनुप दर शुक्रवारी असाच कलायचा.

शेजारी कोणी नव्हतं.

शर्टाची बाही मात्र दबली होती.

 भानुदास एका दमात म्हणाला, "खोटं बोललो वहिनी. मी नव्हतो. एकच जागा होती. मी बसलो. त्याला तिथंच ठेवून आलो."

 पलीकडून फोन बंद झाला.

खांदा हलका झाला...

वाटेतल्या कुरुमच्या अलीकडे सिराजने गाडी कडेला घेतली. तो आरशाकडे बघत होता.

"वो कहाँ उतरा?"

दार एकदाही उघडलं नव्हतं.

पार्थिव गेलं. तेराव्यानंतर सरिताचा फोन आला.

"भावोजी, मला ठाऊक होतं. त्यांनीच फोनवर सांगितलेलं. भानुदासला मीच पुढे पाठवलंय, त्याला बोल लावू नकोस म्हणाले. मला रागवायचं नव्हतं. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

भानुदास रडला. मग त्याने विचारलं, "कधी आला होता त्याचा फोन?"

तिने मोबाईलवरच्या नोंदीचा फोटो पाठवला.

पोलिसांच्या कागदावर अपघाताची वेळ तीन पन्नास. जागीच मृत्यू. अनुपचा कॉल त्याच दिवशीचा, ओमानच्या घड्याळाने चार सव्वीसचा. एक मिनिट चार सेकंद.

अनुपचा मोबाईल ट्रकच्या चाकाखाली गेला होता. त्याचे तुकडे पोलिसांनी पिशवीत घालून भानुदासच्याच हाती दिले. दुरुस्तीवाल्या दोघांनी ते तपासले; यावरून फोन लागणं शक्यच नाही, म्हणाले.

त्यातली बॅटरी सापडलेलीच नाही.