वाढती जागा

रुग्णालयाचा सर्व्हर जुना, लिनक्सवर चालणारा. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सगळं त्याच्यावरच, आणि त्याची जागा भरत आली होती. तो बंद ठेवायची सोय नव्हती. म्हणून नवी डिस्क जोडून फाइल सिस्टिम, म्हणजे माहिती साठवायची जागा, चालू कामातच वाढवायची, असं मी ठरवलं. जुन्या सिस्टिमलाही हे जमतं, फक्त सावकाश. मध्येच थांबवलं, तर आहे तेही हातचं जायचं.

दुपारी, जेवणं आटोपल्यावर खालच्या सर्व्हरच्या खोलीत काम सुरू केलं. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. पंख्यांच्या संथ घरघरीनं माझे डोळे जड झाले.

वरच्या वॉर्डातून मावशीचा फोन आला. ती तिथली मुख्य नर्स. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं.

"तू काही करतोयस का रे?"

"का? कॉम्प्युटर अडकतोय?"

"तो बरा आहे. इथं एक खाट जास्त दिसतेय."

"कुणीतरी आणून ठेवली असेल."

"असेल. पण तिच्याशेजारी खिडकीपण आहे."

मी हसलो, तरी वर गेलो.

पेशंट निवांत पहुडले होते. वॉर्ड जिथं संपायचा, तिथं आता आणखी खाटा होत्या. पांढऱ्या चादरी, फुगीर उशा. त्यांच्यापुढे आणखी, दुधाळ उजेडात विरघळत गेलेल्या. औषधांच्या वासात कुठूनसा ओल्या मातीचा वास मिसळला होता.

मावशीनं जवळच्या रिकाम्या गादीवर तळवा टेकवला.

"उबदार आहे," ती म्हणाली. "तुला थांबवता येईल?"

"मध्येच नाही. सगळ्यांचे रिपोर्ट जातील."

"मग राहू दे."

तेवढ्यात लांबून, त्या खाटांच्या पार टोकाकडून, बेल वाजली. मावशीनं सवयीनं पदर खोचला.

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

"अरे, कुणीतरी बोलावतंय."

ती चालू लागली. मी हाक मारली. तिनं मागं न बघता हात हलवला. तिची पाठ लहान होत गेली.

मी धावलो.

खिशातला फोन थरथरला. सर्व्हरचा निरोप होता: वाढ पूर्ण.

समोर भिंत होती. जुनीच, खिळ्यांच्या भोकांसकट.

मी तिला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग फार आतून मावशीचा आवाज आला, वॉर्डात बोलायची तसा, समजुतीचा.

"हो, हो, आले मी. सगळे एकदम नका बोलू."